ख्रिस्ती मुलींच्या प्रश्नांना मंडळीत जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी जवळ आला की शहरातल्या बऱ्याच मंडळ्यांत तरुण संघाची एक ठरलेली सभा होते. विषय 'पवित्र जीवन'. बाहेरगावचे वक्ते येतात, तासभर बोलतात, मित्र आणि मोबाइल यांपासून सावध राहा असे सांगतात, शेवटी प्रार्थना आणि चहा. मग वर्षभर हा विषय कोणी काढत नाही. दहावी-अकरावीतल्या मुलीला मात्र तो रोज भेटतो : क्लासच्या जिन्यात, इन्स्टाग्रामवर, आरशासमोर आणि रात्री उशीखाली ठेवलेल्या फोनमध्ये. आम्ही नागपूरच्या सदर, मोहननगर आणि जरीपटका भागातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांत १२ ते १८ वयाच्या मुलींचे वर्ग घेतो. आमच्यात कोणी परिचारिका आहे, कोणी शाळेत समुपदेशक, कोणी संडे स्कूलची शिक्षिका. पालक आणि पाळक, फादर आणि सिस्टर या सगळ्यांशी एकदम बोलता यावे म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहोत. चर्चच्या सूचनाफलकावर लावले असते तर ते एकाच मंडळीपुरते राहिले असते.

मुलीला नुसते 'नको' म्हटले आणि जे वाटते आहे त्याचे करायचे काय हे सांगितले नाही, तर ती विचारणे थांबवते. वाटणे थांबत नाही. तिला लागणारे सगळे आपल्याकडे आहे : वचन आहे, प्रार्थना आहे, वडीलधाऱ्या बाया आहेत, दर रविवारी एकत्र येणे आहे. ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढीच अडचण आहे.

सुरुवात इच्छेपासून करू, कारण पहिला घोळ तिथेच होतो. आकर्षण वाटणे वेगळे आणि पाप करणे वेगळे, हे कित्येक मुलींना कोणी सांगितलेलेच नसते. एखादा मुलगा आवडला की त्या स्वतःला बिघडलेल्या समजू लागतात. याकोबाच्या पत्रात (१:१४-१५) पायऱ्या मांडल्या आहेत : वासना ओढते आणि भुलवते, मग ती गर्भवती होते, मग पापाला जन्म देते. म्हणजे मध्ये थांबायला जागा आहे. इब्री लोकांस पत्रात (४:१५) ख्रिस्त सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, पण निष्पाप राहिला, असे म्हटले आहे. मोह होणे हेच पाप असते तर हे वाक्य लिहिताच आले नसते. वर्गात ही दोन वचने आधी वाचावीत आणि मनाईची वचने नंतर. क्रम उलटा झाला की मुली पहिल्या पाच मिनिटांतच कान बंद करतात.

त्याबरोबर शरीराची माहितीही द्यावी, आणि ती कुजबुजत देऊ नये. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात. भावना आणि उत्सुकता पेटवणारे मेंदूतले भाग लवकर तयार होतात, थांबून विचार करणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. पाळीच्या चक्राच्या मधल्या दिवसांत काहींना ओढ जास्त जाणवते, पाळीच्या आधीच्या दिवसांत काहींना रडू येते आणि फार एकटे वाटते. म्हणून एक साधी वही ठेवायला सांगावी : तारीख, झोप किती झाली, मन कसे होते. दोन-तीन महिन्यांत मुलीला स्वतःचा ठरावीक आकृतिबंध दिसतो. 'मी वाईट आहे' या जागी 'आज माझी झोप झालेली नाही आणि पाळी दोन दिवसांवर आली आहे' हे कळले की अर्धी भीती जाते.

मग इच्छा उसळते तेव्हा करायचे काय? आधी तिला नाव द्यायचे. हे शारीरिक आहे की एकटेपणा आहे, कुतूहल आहे की कोणीतरी छान म्हणावे असे वाटते आहे? बऱ्याचदा मुळाशी शेवटचे असते, आणि त्याचा उपाय अगदी वेगळा असतो. मग ते जसे आहे तसे देवासमोर ठेवायचे. ३८व्या स्तोत्राच्या नवव्या ओवीत दावीद म्हणतो की माझी सगळी इच्छा तुझ्यापुढे आहे. मुलींना आपण प्रार्थनेची ठरावीक भाषा शिकवतो, त्यामुळे 'प्रभू, मला तो आवडतो, आणि त्याने माझ्या स्टोरीला उत्तर दिले नाही म्हणून मी दुपारपासून जेवले नाही' अशीही प्रार्थना असते हे त्यांना ठाऊकच नसते. मग जागा बदलायची : खोलीतून बाहेर यायचे, पाणी प्यायचे, आईजवळ जाऊन बसायचे किंवा भांडी घासायला घ्यायची, पंधरा-वीस मिनिटे. लाट बहुधा तेवढ्या वेळात ओसरते. आणि त्या आठवड्यात एका विश्वासू स्त्रीला सांगायचे. तीमथ्याला दुसऱ्या पत्रात (२:२२) तारुण्यातल्या वासनांपासून पळ असे सांगताना पौल पुढे शुद्ध मनाने प्रभूचा धावा करणाऱ्यांबरोबर राहा असेही सांगतो. आपण अर्धे वचन पाठ करून घेतो आणि ती सोबतच देत नाही.

अश्लील व्हिडिओ हा फक्त मुलांचा प्रश्न आहे असे धरून चालणे फार घातक आहे. मुलीही पाहतात, आणि आपण एकट्याच अशा आहोत या शरमेने आत आत मिटून जातात. वर्गात एवढे एक वाक्य मोठ्याने म्हटले तरी पुरते : हे मुलींच्या बाबतीतही होते, आणि यातून बाहेर पडता येते. फोनसाठी नियम सोपा ठेवावा. रात्री दहा वाजता घरातले सगळे फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागतील. सगळे म्हणजे आईवडिलांचेही आणि भावाचेही. हा नियम मोडतो तो इथेच : फक्त मुलीचा फोन काढून घेतला जातो, भावाचा राहतो, आणि चार दिवसांत मुलगी मैत्रिणीच्या फोनवरून दुसरे खाते उघडते.

पाय घसरलाच तर पुढे काय, हेही आधीच सांगून ठेवावे. मुली स्वतःला शिक्षा करतात : दोन दिवस उपाशी राहतात, केस कापतात, देवाशी नवस केल्यासारखी वचने बांधतात आणि ती मोडली की चर्चलाच येत नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) पाप कबूल केले तर क्षमा आहे असे लिहिले आहे, आणि त्यापुढे कोणतीही अट जोडलेली नाही. इथे पाळकांना एक विनंती. प्रभुभोजन घ्यायला एखादी मुलगी बाकावरून उठली नाही तर मागच्या ओळीतल्या आंटी लगेच एकमेकींकडे पाहतात. मुलीला ते दिसते. उठायचे की नाही हा तिचा आणि प्रभूचा प्रश्न आहे, कॅथलिक मंडळीत तिचा आणि तिच्या कबुलीसंस्काराचा. त्या बाकाकडे कोणी पाहू नये, हे वेदीवरून वर्षातून दोनदा तरी सांगितले गेले पाहिजे.

आता वर्ग कसा चालवावा, याबद्दल थोडे सविस्तर. मुली आठ ते दहाच असाव्यात, त्याहून जास्त झाल्या की दोघी बोलतात आणि बाकीच्या ऐकतात. १२ ते १४ आणि १५ ते १८ असे दोन गट वेगळे करावेत. सातवीतली मुलगी अकरावीतल्या मुलीचे प्रश्न ऐकून घाबरते. महिन्यातून दोनदा, प्रत्येकी सव्वा तास. दर वेळी दोन प्रौढ स्त्रिया हजर हव्यात, एकटी कधीच नको. कोणाशी वेगळे बोलायचे झाले तर दार उघडे, किंवा दाराला काच, आणि दुसरी बाई नजरेच्या टप्प्यात. पुरुष कार्यकर्त्याने एकट्या मुलीचे समुपदेशन करू नये, मग तो कितीही चांगला माणूस असो.

प्रश्नपेटी ठेवावी. पण साधी पेटी ठेवली की तीन आठवडे ती रिकामीच राहते, कारण चिठ्ठी टाकायला जी उठते ती सगळ्यांना दिसते. म्हणून सगळ्यांना एकाच आकाराच्या चिठ्ठ्या आणि एकाच रंगाचे पेन द्यावे, प्रश्न असो वा नसो प्रत्येकीने काहीतरी लिहून टाकावे. प्रश्न नसेल तिने आवडत्या गीताचे नाव लिहावे. अक्षर मोठ्या ठळक लिपीत काढायला सांगावे, म्हणजे ओळखू येत नाही. चिठ्ठ्या त्याच दिवशी उघडू नयेत. घरी नेऊन वाचाव्यात, नीट उत्तर तयार करावे आणि प्रश्न आपल्या शब्दांत मांडून पुढच्या वेळी उत्तर द्यावे. घाईत दिलेले उत्तर बहुधा उपदेशच होते.

सगळ्यात जास्त वर्ग बंद पडतात ते प्रार्थना-विनंतीमुळे. मुलीने मनातले सांगितले, वर्ग घेणाऱ्या ताईला खरोखर काळजी वाटली, तिने महिला मंडळात 'एका मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं एका पोराबरोबर...' एवढेच म्हटले. मंडळी लहान, नाव घ्यायची गरजच पडत नाही. संध्याकाळी मुलीच्या आईला फोन जातो. त्या दिवसानंतर त्या गटातली एकही मुलगी खरे बोलत नाही. वर्गात ऐकलेले प्रार्थनेतसुद्धा बाहेर जाणार नाही, हा नियम लिहून भिंतीवर लावावा आणि ताईंनी आधी त्यावर सही करावी.

त्याच कागदावर दुसरी ओळ हवी, आणि ती पहिल्या दिवशीच मुलींना वाचून दाखवावी : लैंगिक अत्याचार, जिवाला धोका किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार या गोष्टी गुप्त ठेवल्या जाणार नाहीत. २०१२च्या पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १९नुसार अठरा वर्षांखालील मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणाही व्यक्तीला ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावीच लागते. न कळवल्यास कलम २१नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन पाळकाला, सिस्टरला, संडे स्कूलच्या शिक्षिकेलाही आहे. 'मी कोणालाच सांगणार नाही' असा शब्द आधी देऊन नंतर तो मोडला तर मुलीला दुसरा घाव बसतो. त्यामुळे तो शब्द देऊच नये.

'डेटिंग' या शब्दाने आईवडील दचकतात. फुटाळा तलावाच्या काठावर किंवा धरमपेठेतल्या एखाद्या कॅफेसमोर तोंडाला स्कार्फ बांधलेल्या मुली दिसल्या की आपली नसेल ना, असे वाटते. आमचे मत स्पष्ट आहे : अठराच्या आत जोडीने फिरणे नको, मैत्री गटात असावी, आणि तीमथ्याला पहिल्या पत्रात (५:२) सांगितले आहे तशी, तरुण स्त्रियांना पूर्ण शुद्धतेने बहिणींसारखे मानणारी असावी. पण त्यामागची कारणे मुलीला सांगावीत. पहिले कारण विश्वासाचे आहे : आपण जोडीदार शोधतो तो विवाहासाठी, आणि पंधराव्या वर्षी विवाहाचा निर्णय होत नसतो. गीतरत्नात एकच शपथ तीनदा येते (२:७, ३:५, ८:४) : प्रेमाला वेळेआधी जागे करू नका. ज्या पुस्तकात प्रेमाचे एवढे मोकळे कौतुक आहे, त्याच पुस्तकात ही सूचना आहे, हे मुलींना फार पटते. दुसरे कारण कायद्याचे : अठरा पूर्ण होईपर्यंत मुलीची संमती कायदा धरत नाही, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीबरोबरच्या शरीरसंबंधात एकोणीस वर्षांच्या मुलावर 'तिची इच्छा होती' असे म्हणूनही गुन्हा दाखल होतो. हे मुलग्यांनाही माहीत हवे.

नियम सांगूनही काही मुली नात्यात असतातच. त्यांना वर्गातून काढून टाकायचे नाही, उलट त्यांनाच सगळ्यात जास्त सोबत लागते. त्यांना एक परीक्षा शिकवावी. छोट्या गोष्टीला 'नाही' म्हणून पाहा : आज भेटणार नाही, पासवर्ड देणार नाही, लाइव्ह लोकेशन चालू ठेवणार नाही. समोरचा रागावतो का, अबोला धरतो का, स्वतःला काही करून घेण्याची धमकी देतो का? छोट्या नकाराला जो असा वागतो तो मोठा नकार ऐकणार नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय लग्नात वाचला जातो, तो इथे वाचावा : प्रीती सहनशील आहे, स्वार्थ पाहत नाही, चिडत नाही. एकेक ओळ घेऊन मागच्या महिन्यातले एकेक उदाहरण लिहायला सांगावे, आधी स्वतःच्या वागण्याचे आणि मग त्याच्या. काही सांगायची गरज उरत नाही, मुलगी स्वतःच वहीकडे बघत बसते.

आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला तेरावा अध्याय टाळू नये. अम्नोन तामारेवर इतके 'प्रेम' करतो की आजारी पडतो. ती स्पष्ट शब्दांत नाही म्हणते (ओवी १२), तो जबरदस्ती करतो, आणि लगेच त्याला तिचा तिटकारा येतो, आधीच्या प्रेमाहूनही जास्त (ओवी १५). मग सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो (ओवी २०). राजा दावीद संतापतो, पण काहीच करत नाही. पवित्र शास्त्राने हे झाकलेले नाही, तर आपण का झाकावे? 'प्रेमात वेडा झालोय' हे शब्द कशावर पांघरूण घालू शकतात आणि घराण्याच्या अब्रूसाठी मुलीला गप्प बसवले की काय होते, दोन्ही त्या एका अध्यायात आहे.

मुलगा ख्रिस्ती नसेल तेव्हा घराघरांत जे होते त्याबद्दल थोडक्यात. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले (६:१४) विजोड होऊ नका हे वचन शिकवावे, पण दुसऱ्याच्या धर्माबद्दल वाईट न बोलता. मुलगी त्याच धर्माच्या मैत्रिणींबरोबर रोज डबा खाते, तिला तो द्वेष ऐकू येतो आणि वचन ऐकू येत नाही. कोंडून ठेवणे, फोन फोडणे, अठरा होताच घाईने लग्न लावणे या तिन्हींनी मुलगी त्या मुलाकडेच ढकलली जाते.

मुलीचा खासगी, उघडा फोटो पसरवण्याची धमकी कोणी दिली तर काय करायचे, याचा क्रम प्रत्येक ताईला पाठ हवा. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट पुसायचे नाही, खाते बंद करायचे नाही. धमकीच्या संदेशांचे, त्या खात्याच्या नावाचे आणि लिंकचे स्क्रीनशॉट घ्यायचे, तारीख-वेळ दिसेल असे. मग खाते ब्लॉक करायचे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते, मुली-महिलांविरुद्धच्या गुन्ह्याची नाव न देताही करता येते. १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक आहे, १०९८ मुलांसाठीचा. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा अठराच्या आतल्या वयात काढलेल्या फोटोसाठी आहे. ती फोटोचा सांकेतिक ठसा त्याच फोनवर तयार करते, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारखी माध्यमे त्या ठशावरून तो शोधून काढतात. खासगी, कूटबद्ध चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोला मात्र तिचा उपयोग नाही. मोठ्यांकडून होणारी चूक एकच आणि फार गंभीर आहे : 'मला पाठव, बघू काय आहे.' तो फोटो कोणीही, पुरावा म्हणूनही, पुढे पाठवू नये. अठराखालील मुलीचा तसला फोटो पाठवणे आणि साठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. फोन मुलीजवळच राहू द्यावा आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे. त्या दिवशी 'तू पाठवलाच कशाला' हे विचारू नये. तिने तो प्रश्न स्वतःला शंभरदा विचारलेला असतो.

आता रूपाबद्दल. नाताळात नातेवाईक भेटले की पहिले वाक्य असते, "काऊन वं, एवढी काळी पडून राहिली?" स्थळांच्या बायोडेटात रंगाचा रकाना अजून असतो, ख्रिस्ती घरांतही. नागपूरच्या उन्हात सायकलवर किंवा मोपेडवर क्लासला जाणारी मुलगी सावळी होणारच. गीतरत्नातली तरुणी पहिल्याच अध्यायात (ओवी ५-६) म्हणते की मी सावळी आहे आणि सुंदर आहे, उन्हाने मला करपवले म्हणून माझ्याकडे टक लावून पाहू नका. भावांनी तिला द्राक्षमळे राखायला लावले होते. ही ओवी संडे स्कूलमध्ये पाठ करून घ्यायला हवी आणि आंट्यांनाही ऐकवायला हवी.

गोरे होण्याच्या नादात खरे नुकसान होते ते औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमांनी. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांतले एखादे नाव ट्यूबवर बारीक अक्षरांत असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, म्हणून मैत्रिणींमध्ये नाव पसरते. मग त्वचा पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या उठतात, गालावर केस वाढतात, आणि लावणे थांबवले की आग होते म्हणून मुलगी पुन्हा लावते. ही मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी मिळतात. चेहऱ्यासाठी रोज वापरत असाल तर एकदम न सोडता मेडिकल, मेयो किंवा एम्स या नागपूरच्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवा. पुटकुळ्या, ओठावर-हनुवटीवर केस आणि पाळी अनियमित असे तिन्ही एकत्र असेल तर तो पीसीओएस हा अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार असू शकतो. तिथे पार्लरच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञ.

ईस्टरआधीच्या उपासकाळात, म्हणजे लेंटमध्ये, आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते, आणि पाळकांच्या ती लक्षात येत नाही. काही मुली लेंटचे चाळीस दिवस वजन उतरवण्यासाठी वापरतात. घरात कोणी अडवत नाही, उलट 'किती भक्तिमान आहे' असे कौतुक होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, आणि उपासकाळ संपता संपता नागपूरचा पारा चाळिशीला टेकतो. कॅथलिक धर्मनियमात उपवासाचे बंधन अठरा पूर्ण झाल्यावरच लागते. चौदाव्या वर्षापासून फक्त ठरावीक दिवशी मांस वर्ज्य असते. म्हणजे चर्चने जे मागितलेच नाही ते मुलगी देते आहे. तिला रील्सचा, टोमण्यांचा, रात्रीच्या चॅटचा उपास सुचवावा. सलग तीन महिने पाळी न येणे, चक्कर, केस मूठभर गळणे, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन बराच वेळ थांबणे ही लक्षणे दिसली तर ती भक्ती नव्हे, डॉक्टरकडे न्यावे. मन फार खचले असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते.

दृढीकरणाच्या, म्हणजे बिशपांच्या हातून विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या, दिवशी मुली पांढरा पोशाख घालतात. त्या दिवशी पाळी आली तर, या धास्तीने कित्येकींना आदल्या रात्री झोप लागत नाही, बिशपांचे शब्द कानावरही पडत नाहीत. चर्चच्या स्वच्छतागृहात पॅडचे पाकीट, झाकणाचा डबा आणि कडीचे दार असावे, आणि जवळ एक पांढरी ओढणी जादा ठेवावी. खर्च शंभर-दीडशे रुपयांचा आहे. पाळीत प्रभुभोजन घेऊ नये असे काही घरांत अजून सांगतात. मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री गर्दीत प्रभूच्या वस्त्राला शिवते, आणि तो तिला सगळ्यांसमोर 'मुली' अशी हाक मारतो. यापुढे त्या समजुतीला काय आधार उरतो?

काही गोष्टी मात्र आजच बंद व्हाव्यात. शिबिरात चावलेली चिंगम किंवा पाकळ्या तोडलेले गुलाब दाखवून 'आता हे कोण घेईल?' असे विचारणे त्यातली पहिली. त्या मुलींमध्ये लहानपणी अत्याचार झालेली एखादी बसलेली असू शकते. तिची काहीच चूक नसताना तिला फेकून देण्याजोगी ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे आणि सुवार्तेच्या अगदी विरुद्ध आहे. शिबिराच्या शेवटच्या रात्री, गिटार आणि रडारड चालू असताना शुद्धतेच्या शपथपत्रावर सह्या घेणेही थांबवावे. शिबिरातला भर ओसरला की शपथ मोडते, आणि मुलगी शपथेबरोबर चर्चही सोडते. गायनवृंदातल्या मुलीला दारातच कपड्यांवरून हटकणे बंद व्हावे. पोशाखाचा नियम असेल तर तो मुला-मुलींना सारखा, लेखी आणि आधी सांगितलेला असावा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात (ओवी २८-२९) प्रभू पाहणाऱ्याच्या डोळ्याबद्दल बोलतो, स्त्रीच्या पेहरावाबद्दल एक शब्दही नाही. म्हणून मुलींचा वर्ग सुरू होईल त्याच आठवड्यात मुलग्यांचा वर्ग सुरू व्हायला हवा, आणि तो जबाबदार पुरुषांनी घ्यावा.

आमची मागणी मोठी नाही. बऱ्याच मंडळ्यांत या वयाच्या पाच-सहाच मुली असतात, आणि ताई म्हणजे कोणाची तरी मावशी किंवा आत्या निघते. सख्ख्या आत्यासमोर कोण बोलणार? २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. मग मुलींच्या एका वर्गासाठी सीएनआय, कॅथलिक, मेथडिस्ट आणि इतर मंडळ्यांना ताईंची अदलाबदल करणे जड जाऊ नये : सदरच्या ताई जरीपटक्याला, जरीपटक्याच्या मोहननगरला. पंथांच्या शिकवणीत जिथे फरक आहे तिथे मुलीला तिच्या पाळकाकडे किंवा फादरकडे पाठवावे, बाकी नव्वद टक्के विषय सगळ्यांचा एकच आहे. जूनअखेर शाळा उघडतील. त्याआधी प्रत्येक मंडळीने दोन स्त्रियांची नावे ठरवावीत, त्यांची पोलीस पडताळणी करून घ्यावी, पॉक्सो आणि प्रथम मानसिक आधार यांवर एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, आणि काचेचे दार असलेली एक खोली दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी पाच ते सव्वासहा रिकामी ठेवावी. धड्यांचा आराखडा, भिंतीवर लावायच्या नियमांचा कागद आणि मदत क्रमांकांची यादी आमच्याकडे मराठीत तयार आहे. ज्या मंडळीला हवी असेल तिने आपापल्या महिला मंडळातर्फे मागून घ्यावी.

आपल्या विश्वासू,
किशोरी वर्गाच्या कार्यकर्त्या,
सदर, मोहननगर व जरीपटका, नागपूर